चांदोलीत आठच वाघ का? रानाच्या उताऱ्याचा हिशेब

२०२५ च्या नोव्हेंबरात ताडोब्यातून एक वाघीण चांदोलीत आणली, त्याच सुमारास मी मलकापूरहून कोल्हापूरला एसटीनं येत होतो. शेजारी शाहूवाडीकडचे एक आजोबा बसले होते, मांडीवर पेपर. बातमी वाचून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "तुम्ही शाळेत शिकवताय न्हवं? मग सांगा, एवढं मोठं रान हाय, त्यात आठच वाघ कशापायी? आणायचंच तर पन्नास आणा की."

प्रश्न अगदी रास्त होता. चांदोलीचं रान ज्यात येतं तो सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० साली जाहीर झाला. त्याचं क्षेत्र सुमारे ११६५ चौरस किलोमीटर, पसारा चार जिल्ह्यांत. त्यात बाहेरून आणायचे ठरले ते एकूण आठ वाघ. ऐकणाऱ्याला हा आकडा तुटपुंजा वाटणारच. मी उत्तर द्यायला लागलो, पण वाघबीळ आलं तरी निम्मंही सांगून झालं नव्हतं. ते पूर्ण उत्तर इथे लिहितो आहे, कारण तो हिशेब एकदा कळला की वाघच काय, ऊस, बिबट्या, पंचगंगेतले मेलेले मासे, सगळ्यांकडे बघायची नजर बदलते.

सुरुवात उन्हापासून

रानात जी काही हालचाल चालते, सांबराची धाव, पावशाचं ओरडणं, मुंग्यांची रांग, त्या सगळ्यासाठी लागणारी ऊर्जा एकाच ठिकाणाहून येते: सूर्यापासून. पण ऊन कुणाला खाता येत नाही. आपण दिवसभर उन्हात बसलो तर अंग तापेल, पोट भरणार नाही. उन्हाचं अन्न करण्याची कला हिरव्या पानाला येते. पान हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी ओढलेलं पाणी घेऊन त्यांची साखर बनवतं, आणि त्या साखरेत थोडं ऊन बंद होऊन राहतं. म्हणून वनस्पतींना उत्पादक म्हणतात.

गवत सांबर खातं, सांबराला वाघ खातो. ही झाली अन्नसाखळी. तिच्यातल्या प्रत्येक पायरीला पोषण पातळी म्हणतात: गवत पहिल्या पातळीवर, सांबर दुसऱ्या, वाघ तिसऱ्या. प्रत्यक्षात साखळी कधी सरळ नसते. बेडूक नाकतोडा खातो, धामण बेडूक खाते, सर्पगरुड धामण उचलतो, आणि तोच गरुड एखादे दिवशी सरडाही खातो. अशा गुंतलेल्या साखळ्यांचं जाळं होतं. पण हिशेब समजायला एक धागा पुरेसा आहे.

आता पहिला धक्का. पानावर जेवढी प्रकाशऊर्जा पडते, तिच्यातली साधारण एक टक्काच अन्नात साठते. बराचसा प्रकाश परत फेकला जातो, काही आरपार जातो, काहीनं पान नुसतं तापतं. ऊस यात हुशार गडी आहे. कडक उन्हात इतर बऱ्याच पिकांपेक्षा तो जास्त ऊन पकडतो. तरीही त्याचा आकडा दोन-तीन टक्क्यांच्या आसपासच घुटमळतो.

खाल्लेलं जातं कुठं?

तालमीतल्या पैलवानाचा खुराक आठवा. दूध, तूप, थंडाई, मटण. महिन्याभरात तो जेवढं खातो, ते सगळं अंगाला लागलं असतं तर दर महिन्याला त्याचं वजन दुप्पट व्हायला हवं. तसं होत नाही. वर्षभराच्या खुराकानंतर वजन वाढलंच तर दोन-चार किलो. बाकीचं गेलं कुठं?

काही पचलंच नाही, ते बाहेर पडलं. उरलेल्यातलं बहुतेक जोर-बैठका, श्वास, काळजाचे ठोके आणि अंगाची ऊब यांत खर्ची पडलं. अन्न जाळून ऊर्जा सोडवण्याच्या या कामाला श्वसन म्हणतात. नाकानं हवा घेणं हा त्याचा बाहेरून दिसणारा भाग, खरं काम पेशीपेशीत चालतं. आणि त्यातली ऊर्जा शेवटी उष्णता होऊन अंगाबाहेर जाते. स्वस्थ बसलेला माणूससुद्धा जुन्या पद्धतीच्या ऐंशी-शंभर वॉटच्या बल्बइतकी उष्णता सतत बाहेर टाकत असतो. बंद खोलीत पन्नास पाहुणे जमले की पंखा का लावावा लागतो, ते यावरून कळेल.

"ऊर्जा नष्ट होत नाही असं पुस्तकात लिहिलंय, मग ती कमी कशी होते?" नववीच्या वर्गात हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि मला तो दरवर्षी आवडतो. ऊर्जा नष्ट होत नाहीच, पण तिची उष्णता होते, आणि हवेत पसरलेली ती उष्णता गोळा करून तिचं पुन्हा गवत करता येत नाही. परसातल्या उकिरड्यात थंडीच्या सकाळी हात घालून बघा. आत ऊब लागते, कधी वाफही निघते. शेणाकाडीवर जगणाऱ्या कोट्यवधी सूक्ष्म जीवांच्या श्वसनाची ती उष्णता असते. काल म्हशीनं खाल्लेल्या वैरणीत जे ऊन होतं, ते तिथून आकाशात चाललेलं असतं.

रानाचा उतारा

कोल्हापूरच्या माणसाला उतारा हा शब्द समजावून सांगायला नको. शंभर किलो ऊस गाळला की साखर किती निघाली तो उतारा. आपल्या जिल्ह्यात तो बारा टक्क्यांच्या आसपास असतो. त्यावर उसाचा दर ठरतो, त्यावर आंदोलनं होतात. अर्ध्या टक्क्याच्या फरकावर माणसं रात्र रात्र बोलतात.

रानालाही उतारा असतो. एका पातळीवरच्या जीवांनी जेवढी ऊर्जा अंगात साठवली, तिच्यातली वरच्या पातळीच्या अंगात किती साठते? ढोबळ उत्तर: दहा टक्के. बाकीची नव्वद टक्के वाटेत जाते. काही गवत कुणी खाल्लंच नाही, ते वाळलं. काही खाल्लं पण पचलं नाही, ते शेण झालं. जे पचलं त्यातलं बहुतेक जगण्यातच जळलं.

पैशात मांडू. उन्हाचे दहा लाख रुपये रानावर पडले. गवतानं त्यातले दहा हजार कमावले. सांबरांच्या अंगी हजार लागले. वाघांच्या अंगी शंभर. चौथी पातळी असती तर तिला दहा रुपये मिळाले असते. वाघ खाऊन जगणारा एखादा प्राणी का नाही, याचं उत्तर याच हिशेबात आहे. दहा रुपयांत कुणाचा संसार चालत नाही. बहुतेक साखळ्या चार-पाच पायऱ्यांतच का संपतात, तेही यावरून कळतं.

हा विचार आकड्यांत मांडला रेमंड लिंडमन या अमेरिकन तरुणानं. मिनेसोटा राज्यातल्या सीडर बॉग नावाच्या एका छोट्या तळ्याचा त्यानं वर्षानुवर्षं अभ्यास केला. सूक्ष्म वनस्पती, किडे, मासे, गाळ, कोण कोणाला खातं आणि ऊर्जा कुठून कुठे जाते, सगळं त्यानं मांडलं. लेख फार तात्त्विक आहे म्हणून आधी नाकारला गेला. १९४२ मध्ये तो छापून आला तेव्हा लिंडमन या जगात नव्हता. त्याची सत्तावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. आज जगभरची मुलं शाळेत ऊर्जेचा मनोरा काढतात, खाली रुंद पायरी गवताची, वर निमुळती वाघाची, त्यामागे या मुलाचं काम आहे. मला तो फळ्यावर काढताना त्याची आठवण होतेच.

दहा टक्के हा आकडा मात्र दगडावरची रेघ समजू नका. कुठे पाच निघतो, कुठे वीस. तापलेल्या रक्ताचे प्राणी फार खर्चिक असतात. शरीर गरम ठेवण्यातच त्यांची कमाई संपते. सस्तन प्राणी पचवलेल्या अन्नातल्या ऊर्जेचे जेमतेम एक ते तीन टक्के अंगात साठवतात. मासे आणि किडे बाहेरच्या हवापाण्याप्रमाणे गार-गरम होतात, त्यांना ही भट्टी पेटती ठेवावी लागत नाही, म्हणून त्यांचा उतारा चांगला. म्हणजे सांबर आणि वाघाच्या साखळीत माझा वरचा पैशांचा हिशेब उदारच आहे.

मग वाघाला किती सांबरं लागतात?

एक मोठा वाघ वर्षाकाठी हरणाच्या आकाराची सुमारे पन्नास जनावरं मारतो. म्हणजे आठवड्याला साधारण एक. पण रानात पन्नास जनावरं असून भागत नाही. पन्नास असली आणि पन्नासही खाल्ली, तर पुढच्या वर्षी काय? कळप टिकवून दरवर्षी त्यातली दहावा हिस्सा जनावरं निघू शकतात असं धरलं, तर एका वाघामागे पाचशे भक्ष्य प्राणी हवेत. (हा दहावा हिस्सा आणि वरचे दहा टक्के एक नव्हेत. हा कळपाच्या वाढीचा हिशेब आहे, तो ऊर्जेचा. आकडा योगायोगानं जुळतो.)

वेगवेगळ्या मांसभक्षकांची तुलना केलेल्या एका अभ्यासात असंच दिसलं होतं: दहा हजार किलो वजनाच्या भक्ष्यावर सुमारे नव्वद किलो वजनाचे मांसभक्षक जगतात.

आठ वाघांना चार हजार जनावरं. पन्नासांना पंचवीस हजार. आणि त्याच रानात बिबटे आहेत, रानकुत्री आहेत, त्यांचाही वाटा त्याच कळपातून. चांदोलीत वाघ येण्याआधी सागरेश्वरहून चितळं का आणली गेली, हे आता लक्षात येईल. माणसांना जेवायला बोलवायचं तर आधी चूल पेटवावी लागते.

भांडं परत येतं, दूध येत नाही

इथे बऱ्याच जणांचा एक घोटाळा होतो. निसर्गात सगळं फिरून परत येतं, असं आपण ऐकलेलं असतं. ते अर्धंच खरं आहे.

सकाळी दुधाची किटली घेऊन डेअरीवर जाणारा माणूस बघा. दूध ओतून होतं, किटली घरी परत येते, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरते. कार्बन, नायट्रोजन, स्फुरद ही सगळी द्रव्यं म्हणजे किटली. वाघ मरतो, कुजतो, त्याचं स्फुरद मातीत मिसळतं, गवत ते उचलतं. ती हजारो वर्षं फिरत राहतात. ऊर्जा म्हणजे दूध. ते एकदाच जातं, परत येत नाही. रोज सकाळी सूर्यानं नवी धार काढावी लागते.

किटली रिकामी करून परत पाठवण्याचं काम करतात बुरश्या, जिवाणू, वाळवी, गांडुळं, शेणकिडे. यातल्या बुरश्या आणि जिवाणूंना विघटक म्हणतात, बाकीचे त्यांच्यासाठी कुटून-बारीक करून देतात. आपण फळ्यावर वाघ मोठा काढतो आणि यांना कोपऱ्यात एक ओळ देतो, हे चुकीचं आहे. रानातल्या झाडांनी तयार केलेल्या पानांपैकी जिवंतपणी खाल्ली जाणारी पानं फार थोडी. बहुतेक सगळी गळून खाली पडतात. म्हणजे रानातल्या ऊर्जेचा मोठा प्रवाह वाघाकडे वर न जाता पाचोळ्याखाली, बुरशीच्या धाग्यांतून वाहतो. दाजीपूरच्या रानात गव्याच्या शेणाचा एक पोव उलटून बघा, केवढं बिऱ्हाड त्यात राहतं.

ही गोष्ट मी आजोबांना सांगितली तेव्हा मला आमच्या पाचटाबद्दल बोलल्याशिवाय राहवलं नाही. ऊस तुटून गेल्यावर एका हेक्टरला आठ ते दहा टन पाचट मागे राहतं. काडी ओढली की अर्ध्या तासात रान साफ. पण त्या पाचटात वर्षभराचं ऊन साठलेलं असतं. सरीत दाबलं असतं तर मातीतल्या जीवांना त्यावर कित्येक महिने जगता आलं असतं, आणि जगता जगता त्यांनी माती भुसभुशीत केली असती. पेटवल्यावर ती ऊर्जा संध्याकाळच्या एका धगीत जाते, आणि नायट्रोजनही धुराबरोबर जातो. म्हणजे दूध तर सांडतंच, किटलीही फुटते. मजूर मिळत नाहीत, खोडव्याची घाई असते, उंदरांचा त्रास होतो, हे सगळं मला माहीत आहे. आमच्या घरीही वर्षानुवर्षं पेटवलं गेलं. आता आम्ही ते थांबवलं आहे.

ब्रॉयलर कोंबडी हा नियम मोडते का?

पोल्ट्रीवाला म्हणेल, तुमचे दहा टक्के आमच्याकडे लागू नाहीत. पावणेदोन किलो खाद्य घातलं की एक किलो कोंबडी मिळते, हा तर निम्म्याहून जास्त उतारा.

त्याचा आकडा खरा आहे, पण तो वजनाचा आहे. खाद्य कोरडं असतं, कोंबडीच्या अंगात दोन तृतीयांश पाणी. पाण्यात ऊर्जा नसते. पिसं, हाडं, आतडी वजा केली की ताटात येणारा वाटा अजून कमी होतो. शिवाय त्या पिल्लाला दिव्याची ऊब आपण देतो, दाणा शोधायला त्याला हिंडावं लागत नाही, शत्रूपासून पळावं लागत नाही, आणि वाढीचा जोर ओसरण्याआधीच, सहा आठवड्यांच्या आसपास, त्याचं आयुष्य संपतं. रानातल्या प्राण्याच्या खर्चाच्या सगळ्या बाबी आपण आपल्या अंगावर घेतल्या म्हणून त्याचा उतारा वाढलेला दिसतो. नियम जागच्या जागी आहे.

म्हणजे तांबडा-पांढरा सोडायचा?

मला हे विचारलंच जातं. नुसता हिशेब बघितला तर मका आणि सोयाबीन माणसानं थेट खाल्ले तर तेवढ्याच रानावर जास्त माणसं जगतात. ते कोंबडीला घालून कोंबडी खाल्ली की मध्ये एक पायरी वाढते आणि पायरीची किंमत द्यावी लागते. हे नाकारता येत नाही.

पण सगळी जनावरं एका मापात मोजू नयेत. माळावरची बोरी-बाभळी माणूस खाऊ शकत नाही, शेळी खाते. उसाचं वाडं, कडबा, बांधावरचं गवत आपल्या पोटात पचत नाही. म्हशीच्या पोटातले सूक्ष्म जीव ते पचवतात, आणि गंगावेशीत आपण धारोष्ण दुधाचा पेला तोंडाला लावतो. तिथे म्हैस आपल्या ताटातलं ओढून घेत नाही, जे आपल्या ताटात कधीच आलं नसतं ते आणून देते. तिला धान्यावर पोसायला लागलो की मात्र हिशेब फिरतो. ताटात काय असावं हे ज्याचं त्यानं ठरवावं, पण ते जनावर कशावर वाढलं हे विचारायला हवं.

तळ्यात मनोरा उलटा कसा?

रंकाळ्यासारख्या तळ्यातलं पाणी मोजलं तर कधी कधी असं दिसतं की हिरव्या सूक्ष्म वनस्पतींचं वजन कमी आणि त्या खाणाऱ्या बारीक जीवांचं जास्त. मग खालची पातळी वरच्यापेक्षा लहान? भजीच्या गाड्यावर जाऊन बघा. परातीत कोणत्याही क्षणी दोन प्लेट भजी असतात आणि भोवती वीस माणसं खात असतात. कारण कढईतून घाणा मागून घाणा निघतो. त्या वनस्पती एक-दोन दिवसांत दुप्पट होतात आणि तितक्याच वेगानं खाल्ल्या जातात. एका क्षणाचं वजन फसवतं. वर्षभरात तयार झालेली ऊर्जा मोजली तर मनोरा कधीच उलटा होत नाही.

उसातला बिबट्या काय खातो?

ऊस एवढं ऊन पकडतो, तर उसाच्या रानात प्राणी भरपूर असायला हवेत. तसं नाही, कारण उसातली ऊर्जा ट्रॉलीत भरून कारखान्याला जाते. बिबट्याला उसात मिळतो तो आडोसा. बारा-चौदा महिने कुणी फारसं आत शिरत नाही, पाणी जवळ, पिल्लं घालायला जागा. जेवण त्याला गावातून मिळतं: भटकी कुत्री, डुकरं, शेळ्या. आणि कुत्री-डुकरं जगतात गावाबाहेर टाकलेल्या उष्ट्यावर आणि मटणाच्या दुकानातल्या टाकाऊ मांसावर. म्हणजे कचरा, कुत्रं, बिबट्या अशी एक नवी साखळी आपणच तयार केली आहे. पिंजरा लावून एक बिबट्या नेला तरी ती साखळी जागेवरच राहते, आणि रिकाम्या झालेल्या जागी दुसरा येतो. कचऱ्याचा ढीग उचलणं हे बिबट्याच्या बंदोबस्तातलंच काम आहे, असं माझं ठाम मत आहे.

काहीलीत आटणारं विष

गुऱ्हाळात रस आटताना बघितलंय ना? पाणी वाफ होऊन जातं, गोडी काहीलीतच राहते. रस कमी कमी होतो आणि गोड घट्ट होत जातो.

अन्नसाखळीत काही विषांचं असंच होतं. डीडीटीसारखी कीटकनाशकं किंवा पारा शरीरात सहज जळत नाही, बाहेरही पडत नाही. ऊर्जा दर पायरीला उष्णता होऊन निघून जाते, विष अंगात राहतं. लहान माशांनी शेकडो पट सूक्ष्म जीव खाल्ले, मोठ्या माशानं ते लहान मासे खाल्ले, घारीनं मोठे मासे खाल्ले. पाण्यात मोजता न येण्याइतकं असलेलं विष घारीच्या अंगात घट्ट होऊन बसतं. डीडीटीमुळे शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली की आई उबवायला बसली की ती फुटत. उतारा जितका कमी, तितकं विष घट्ट, कारण पोट भरायला तितकंच जास्त खावं लागतं.

पंचगंगेत उन्हाळ्यात मासे मरून वर येतात, त्याचं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं. सांडपाण्यात, मळीत भरपूर ऊर्जा असते. ती नदीत आली की विघटकांची चैन होते. त्यांची संख्या वाढते, ते श्वसन करतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात. नदीला पाणी कमी आणि ऊन जास्त असलं की हे एका रात्रीत होतं. मासे उपाशी मरत नाहीत, गुदमरून मरतात. एखाद्या नदीला अन्न जास्त झालं तरी ती मरू शकते, हे ऐकून आजोबा बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

मग चांदोलीत पुढे काय?

चांदोलीतली काही गावं उठून गेली. त्यांच्या शेतांच्या जागी गवताळ माळ तयार झाले, तिथे आता गवे आणि सांबरं चरायला उतरतात. दाट झाडीखाली ऊन पोहोचत नाही आणि उंच झाडाचं पान सांबराच्या तोंडाला येत नाही. त्यामुळे वाघाच्या दृष्टीनं या मोकळ्या माळांचं मोल झाडीइतकंच आहे. ते माळ झुडपांनी भरून गेले तर चरण कमी होतं. अवेळी वणवा लागला तर ऐन उन्हाळ्यातलं गवत जातं. म्हणून माळावर माजलेली झुडपं काढणं, वणवा अडवायला जाळपट्टे मारणं, उन्हाळ्यात पाणवठे भरणं ही कामं वाघाच्या फोटोत दिसत नाहीत, पण वाघाच्या संख्येचा आकडा तिथेच ठरतो. पुढच्या काही वर्षांत पेपरात वाघिणीची बातमी आली की मी तिच्यासोबत आणखी एक आकडा शोधणार आहे: त्या वर्षी सांबरं आणि गवे किती मोजले गेले.

रंकाळा स्टँडला उतरताना आजोबांनी पेपरची घडी केली आणि म्हणाले, "आमच्या वरच्या अंगाला सड्यावर दरसाल वणवा लावत्यात. नवं गवत चांगलं येतं म्हणून. औंदा पोरांस्नी विचारतो, लावायचा का न्हाई ते."